आस्मोडियस: युरोपच्या मंत्रपोथ्यांमधला तीन डोक्यांचा राजा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आस्मोडियस नेमका कोण?

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेला हा एक राक्षस आहे. टोबितच्या ग्रंथात तो नवऱ्यामुलांचे जीव घेतो, ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात तो पिशाच्चांचा राजा म्हणून येतो, सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या मंत्रपोथ्यांमध्ये भूमिती शिकवतो, आणि कॅथलिक धर्मशास्त्र्यांच्या यादीत कामवासनेचा अधिपती ठरतो. अश्मदाई, आस्मोडे, सिडोने ही सगळी त्याचीच नावं. हल्ली बहुतेकांना तो भयपटांतून किंवा व्हिडिओ गेममधून भेटतो आणि तिथे तो फक्त ‘वासनेचा राक्षस’ असतो. हे त्याचं सगळ्यात उशिराचं आणि सगळ्यात पातळ रूप आहे. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः त्याच्या आधीच्या रूपांविषयी.

त्याचा सगळ्यात जुना उल्लेख कुठे सापडतो?

टोबितच्या ग्रंथात. हा ग्रंथ साधारण इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमध्ये त्याच्या अरामी आणि हिब्रू प्रतींचे तुकडे मिळाले, त्यामुळे त्याच्या जुनेपणाबद्दल शंका उरली नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांना हे पुस्तक बायबलचा भाग म्हणून ठाऊक असेल. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते नाही.

गोष्ट अशी आहे. निनवेला हद्दपारीत राहणारा टोबित म्हातारपणी आंधळा होतो. तिकडे दूर एकबाताना नगरात, म्हणजे आजच्या इराणमधल्या हमदानला, रगुएलची मुलगी सारा दुःखात बुडालेली आहे. तिचं सात वेळा लग्न झालं आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले. आस्मोडियसने त्यांना मारलं. घरातली दासी तिला टोमणे मारते, तूच नवऱ्यांना खातेस म्हणते. सारा गळफास घ्यायला निघते, पण आपल्या मागे म्हाताऱ्या बापाला लोक काय म्हणतील या विचाराने थांबते आणि प्रार्थना करते.

टोबितचा मुलगा टोबिया वसुलीच्या कामाने प्रवासाला निघतो. सोबत एक वाटाड्या असतो, तो खरं तर वेष बदललेला देवदूत राफाएल. तिग्रिस नदीत टोबियावर मोठा मासा झेप घेतो. राफाएल त्याला मासा पकडून काळीज, यकृत आणि पित्त जपून ठेवायला सांगतो. पुढे टोबियाचं साराशी लग्न ठरतं. पहिल्या रात्री तो धुपाच्या निखाऱ्यांवर काळीज आणि यकृत ठेवतो, आणि त्या धुराने आस्मोडियस पार वरच्या इजिप्तपर्यंत पळतो. राफाएल तिथे जाऊन त्याला बांधतो. उरलेल्या पित्ताने टोबितचे डोळे बरे होतात.

या कथेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्या रात्री रगुएल अंगणात नोकरांकडून कबर खणून घेतो. आठवा जावईही जाणार, तर उजाडायच्या आत गुपचूप पुरून टाकू, असा त्याचा विचार. मग दिवा घेऊन दासीला खोलीत पाठवतात. दोघंही शांत झोपलेली असतात, आणि पहाट होण्यापूर्वी कबर बुजवली जाते. सात प्रेतं उचललेल्या बापाची अवस्था त्या एका कृतीत आली आहे. राक्षसाचं वर्णन मात्र या ग्रंथात कुठेच नाही. त्याला चेहरा नाही, शिंगं नाहीत, तो एक वाक्यही बोलत नाही.

तो नवऱ्यांनाच का मारतो?

ग्रीक प्रतींमध्ये टोबिया म्हणतो की राक्षसाचं तिच्यावर प्रेम आहे, तो तिला काही करत नाही, फक्त तिच्याजवळ जाणाऱ्याला मारतो. तेवढंच. नवऱ्यांचा काही दोष होता असं तिथे सुचवलेलं नाही. तो दोष नंतर चिकटवला गेला, त्याबद्दल पुढे येईल.

त्याचं मूळ इराणी आहे हे खरं का?

बहुतेक अभ्यासक तसं मानतात. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात ऐश्म नावाची क्रोधाची शक्ती आहे, हातात रक्ताळलेली गदा घेतलेली. जरथुष्ट्री परंपरेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती, त्यामुळे ‘ऐश्म दएव’ हा क्रोधराक्षस झाला, आणि पुढच्या काळातल्या पहलवी ग्रंथांत ही जोडी एकत्र येतेही. टोबितच्या कथेतला साराचा भाग इराणी मुलुखात घडतो, हाही या मताला आधार. काही जण मात्र नाव हिब्रूतल्या नाश करणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. मला इराणी मूळ अधिक पटतं, पण एक फरक विसरू नये. ऐश्म हा रागाचा राक्षस आहे, वासनेचा नाही.

ऐश्मचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे स्रओश, पारशी ज्याला सरोश म्हणतात. सरोश बाज ही प्रार्थना पारशी लोक आजही रोज म्हणतात, आणि मृत्यूनंतरच्या तीन रात्री आत्म्याची राखण सरोशच करतो अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे युरोपच्या पोथ्यांत जाऊन बसलेल्या या राक्षसाच्या मूळ वैऱ्याचं नाव मुंबईतल्या अग्यारींमध्ये आजही घेतलं जातं. मराठी वाचकाच्या अगदी शेजारी असलेला हा धागा आहे, आणि तो सहसा कोणी दाखवत नाही.

ताल्मूदमध्ये त्याची कोणती कथा आहे?

बाबिलोनी ताल्मूदच्या ‘गित्तीन’ या भागात अडुसष्टाव्या पानावर ती आहे. राक्षसांच्या सगळ्या साहित्यात मला ही कथा सर्वांत श्रेष्ठ वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

राजा शलमोनाला यरुशलेमचं मंदिर बांधायचं आहे, पण दगडाला लोखंडाचं हत्यार लावायचं नाही. दगड चिरण्यासाठी हवा शामीर, ही एक अद्भुत वस्तू. ती कुठे आहे हे फक्त पिशाच्चांचा राजा अश्मदाई सांगू शकेल. अश्मदाई एका डोंगरावर राहतो. तिथे त्याची पाण्याची विहीर आहे, ती तो दगडाने झाकून वर मोहोर लावून जातो. रोज तो स्वर्गातल्या पाठशाळेत शिकायला जातो आणि पृथ्वीवरच्या पाठशाळेतही बसतो. राक्षस रोज धर्मग्रंथ शिकायला जातो, हे ताल्मूदमध्ये अगदी सहज सांगितलेलं आहे.

शलमोन आपला सरदार बनाया याला पाठवतो. सोबत ईश्वराचं नाव कोरलेली साखळी आणि अंगठी, लोकरीचे गठ्ठे आणि द्राक्षारसाच्या पखाली. बनाया खालून भोक पाडून विहिरीतलं पाणी काढतो, भोक लोकरीने बुजवतो, वरून द्राक्षारस ओततो. अश्मदाई परत येतो, मोहोर शाबूत बघतो, उघडतो तर आत दारू. तो आधी नाकारतो, दारूविरुद्धची शास्त्रवचनं म्हणतो. पण तहान आवरत नाही. पिऊन झोपतो आणि साखळीत अडकतो.

खरी गोष्ट पुढे आहे. बांधून नेताना वाटेत तो एका झाडाला घासतो, ते पडतं. एका घराला घासतो, ते कोसळतं. मग एका विधवेच्या झोपडीपाशी येतो. ती बाहेर येऊन विनवते, आणि तिची झोपडी वाचवण्यासाठी तो अंग वळवतो तेव्हा त्याचंच एक हाड मोडतं. पुढे वाट चुकलेला आंधळा दिसतो, त्याला तो रस्त्यावर आणून सोडतो. लग्नाची वरात दिसते, तिथे तो रडतो. एक माणूस चांभाराकडे सात वर्षं टिकतील असे जोडे मागत असतो, ते ऐकून तो हसतो. एक ज्योतिषी भविष्य सांगत बसलेला असतो, तिथेही हसतो. नंतर बनाया कारणं विचारतो. नवरामुलगा तीस दिवसांत मरणार होता. जोडे मागणाऱ्याच्या आयुष्याचे सात दिवसही उरले नव्हते. आणि ज्योतिषी ज्या जागी बसला होता तिथेच खाली राजाचा खजिना पुरलेला होता, तो काही त्याला दिसला नाही.

टोबितच्या ग्रंथात नवरदेवांना मारणारा हा राक्षस इथे नवरदेवाच्या येऊ घातलेल्या मृत्यूने रडतो. ही कथा सांगणाऱ्यांना जुनी कथा माहीत होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. मला मात्र हे उत्तर मुद्दाम दिलेलं वाटतं.

आणि शलमोनाला त्याने गादीवरून कसं हटवलं?

दरबारात आल्यावर अश्मदाई चार हात लांबीची काठी राजापुढे टाकतो. मेल्यावर एवढीच जागा मिळणार आहे तुला, तरी सारं जग जिंकून पोट भरलं नाही, म्हणून मलाही बांधलंस, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे साडेतीन हात म्हणतात, तिथे चार.

शामीर मिळतो, मंदिर होतं. मग एके दिवशी शलमोन विचारतो, तुम्ही आमच्याहून श्रेष्ठ कशात? अश्मदाई म्हणतो, साखळी काढ, अंगठी दे, दाखवतो. राजा देतो. अश्मदाई एक पंख जमिनीला आणि एक आकाशाला टेकवून त्याला चारशे परसंग (अंतराचं जुनं इराणी माप) दूर भिरकावतो आणि स्वतः राजा होऊन बसतो. खरा शलमोन दारोदार भीक मागत, मी यरुशलेमचा राजा होतो, असं सांगत फिरतो. शेवटी धर्मसभेला संशय येतो. राण्यांकडे चौकशी होते, तेव्हा कळतं की राजा हल्ली कधीच पाय उघडे ठेवत नाही. पिशाच्चांचे पाय कोंबड्याचे असतात अशी ताल्मूदची समजूत आहे. बिछान्याभोवती राख चाळून टाका, सकाळी कोंबड्याच्या पावलांचे ठसे दिसतील, असंही तिथे दुसरीकडे लिहिलं आहे. शलमोनाला नवी साखळी आणि अंगठी मिळते, आणि अश्मदाई उडून जातो.

इस्लामी परंपरेत सुलेमानची, म्हणजे शलमोनाचीच, अंगठी पळवणाऱ्या सख्र नावाच्या जिन्नाची कथा आहे, ती हिची सख्खी बहीण शोभेल.

मग मंत्रपोथ्यांशी त्याचा संबंध कुठून आला?

शलमोनामुळेच. पिशाच्चांना राबवून घेणारा राजा ही कल्पना इतकी रुजली की जादूविद्येचा प्रत्येक ग्रंथ शलमोनाच्या नावावर खपवला जाऊ लागला. ‘शलमोनाचं मृत्युपत्र’ हा ग्रीक ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. त्यात शलमोन एकेका राक्षसाला समोर बोलावून तीन गोष्टी विचारतो: नाव काय, काम काय, आणि तुला कोणता देवदूत आवरतो? आस्मोडियस सांगतो की नवविवाहितांमध्ये बिघाड करणं हे त्याचं काम आणि राफाएल त्याला आवरतो. माशाच्या यकृताचा धूर इथेही आहे. राजा त्याला मंदिरासाठी चिखल मळायला आणि पाणी भरायला लावतो.

नाव, काम आणि उतारा. पुढच्या सगळ्या पोथ्यांचा साचा इथे तयार झाला.

ग्रिमॉयर म्हणजे काय?

मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून युरोपात हस्तलिखितांच्या, नंतर छापील रूपात फिरणाऱ्या जादूच्या पोथ्या. त्यांत वर्तुळं कशी आखायची, कोणत्या वेळी बसायचं, देवाची कोणती नावं घ्यायची आणि कोणता आत्मा काय देतो, याची नोंद असते. लिहिणारे बहुतेक लॅटिन शिकलेले, पुष्कळदा पाद्री किंवा चर्चच्या शाळेत शिकलेले तरुण. सगळा विधी ख्रिस्ती प्रार्थनांच्या भाषेत चालतो. सैतानाची पूजा असा त्याचा आव नसतो. देवाच्या नावाने राक्षसाला कामाला लावणं असा असतो. चर्चला अर्थातच हे मान्य नव्हतं.

या पोथ्यांमध्ये त्याचं वर्णन कसं आहे?

योहान वायर या वैद्याने १५७७ मध्ये छापलेल्या ‘राक्षसांची खोटी राजसत्ता’ या यादीत तो ‘सिडोने, ऊर्फ आस्मोडे’ म्हणून येतो. मोठा आणि बलाढ्य राजा. तीन डोकी: बैलाचं, माणसाचं आणि मेंढ्याचं. सापाची शेपटी, तोंडातून ज्वाळा, हंस-बदकांसारखे पाय. तो नरकातल्या ड्रॅगनवर बसतो, हातात भाला आणि निशाण. आमायमोन नावाच्या राजाच्या हाताखालच्या सगळ्यांत तो पुढे चालतो. त्याच्या हुकमतीत ७२ पलटणी.

त्याला बोलावताना मांत्रिकाने उघड्यावर जावं, पूर्ण वेळ उभं राहावं आणि डोक्यावरची टोपी काढावी, असं पुढच्या शतकातली ‘गोएशिया’ ही पोथी सांगते (तिच्याविषयी खाली). टोपी राहिली तर आमायमोन फसवतो. समोर आला की थेट म्हणायचं: तू आस्मोडे आहेस. तो नाकारत नाही, जमिनीपर्यंत वाकतो. मग तो गुणकारी अंगठी देतो. भूमिती, अंकगणित, खगोलशास्त्र आणि हस्तकौशल्यं शिकवतो. अदृश्य करतो. पुरलेला खजिना दाखवतो. सगळ्या प्रश्नांची पूर्ण आणि खरी उत्तरं देतो.

वासनेचा, प्रेमाचा, लग्नाचा या नोंदीत एक शब्दही नाही. हे पुन्हा वाचून पाहावं, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक लेखांत नेमकं उलट सांगितलेलं असतं.

तीन डोक्यांचा आणि पायांचा अर्थ काय?

बैल आणि मेंढा ही युरोपात माजाची, नरपणाची चिन्हं आहेत, म्हणून ती कामवासनेशी जोडली जातात. हे स्पष्टीकरण चुकीचं नाही, पण पोथीत ते दिलेलं नाही. पोथीला डोक्यांचा अर्थ सांगण्यात रस नाही. आला तर ओळखायचा कसा, एवढ्यापुरतं ते वर्णन असतं.

पायांबद्दल मात्र मला अधिक खात्रीने बोलावंसं वाटतं. शलमोनाच्या गादीवर बसलेल्या तोतयाचं बिंग पायांमुळे फुटलं होतं. हजार वर्षांनी पोथीतही त्याचे पाय पक्ष्याचेच आहेत. कोंबड्याच्या जागी हंस आला असेल, पण खुणेची जागा तीच राहिली. तीच गोष्ट अंगठीची. कथेत तो अंगठी मागून घेतो, पोथीत अंगठी देतो. आणि ज्योतिषाच्या बुडाखालचा खजिना? तोही पोथीत आहे. पोथी लिहिणाऱ्याने ताल्मूद वाचला होता असं मी म्हणणार नाही. पण शलमोनाच्या कथांचे तुकडे तोंडोतोंडी आणि प्रतीप्रतींतून वाहत इथवर आलेले दिसतात.

राक्षस गणित का शिकवतो?

कारण बोलावणाऱ्याला तेच हवं होतं. पोथ्यांमधल्या राक्षसांच्या कामांची यादी चाळली तर व्याकरण, तर्कशास्त्र, खगोल, औषधी, भाषा असे विषय पुन्हा पुन्हा येतात. हा त्या काळच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रमच आहे. वर्षानुवर्षं घोकंपट्टी करणाऱ्या, पैशाची चणचण असलेल्या तरुणाला काय हवं असेल? विद्या झटपट यावी, खजिना सापडावा, वरिष्ठांची मर्जी लाभावी. खजिन्याचं वेड तर एवढं होतं की इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५४२ मध्ये, मंत्राने धन शोधण्याविरुद्ध कायदा करावा लागला. पोथीतला आस्मोडे हा त्या गरजांचं उत्तर आहे.

वायर जादूगार होता का?

नाही, आणि हा प्रश्न वारंवार यावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

योहान वायर हा क्लीव्हजच्या ड्यूकचा वैद्य. तरुणपणी तो जादूविद्येवर लिहिणाऱ्या आग्रिप्पा या जर्मन पंडिताचा शिष्य होता. त्याच्या काळात जर्मन मुलखात बायकांना चेटकिणी ठरवून जाळत होते. १५६३ मध्ये त्याने बाझेलहून एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यांच्यावर खटले चालतात त्या बहुतेक म्हाताऱ्या, आजारी, खचलेल्या बायका आहेत. त्या कबुली देतात ती भ्रमातून किंवा छळामुळे. त्यांना वैद्याची गरज आहे, सरणाची नाही. वायर सैतान मानत होता, त्याबद्दल त्याला शंका नव्हती. पण सैतानाच्या फसवणुकीची शिक्षा एका म्हातारीला का, हा त्याचा प्रश्न होता. तो विचारायला त्या काळी छाती लागत होती. फ्रेंच कायदेपंडित झाँ बोदँने १५८० मध्ये त्याच्यावर कडाडून हल्ला केला.

राक्षसांची यादी त्याने याच ग्रंथाला पुरवणी म्हणून जोडली. हेतू असा की जादूगारांचं हे तथाकथित गुप्त ज्ञान किती पोकळ आहे ते लोकांनी उघड पाहावं. कोणी ते वापरू नये म्हणून त्याने विधीचे काही भाग मुद्दाम गाळले. १५८४ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉटने ती यादी इंग्रजीत आणली, तीही चेटूक-खटल्यांविरुद्धच्याच पुस्तकात.

मग सतराव्या शतकात कोणीतरी स्कॉटचं इंग्रजी भाषांतर घेतलं, त्याला मोहोरा (एकेका राक्षसाची खुणेची चिन्हं) आणि विधी जोडले आणि ‘शलमोनाची लहान किल्ली’ या संग्रहाचा पहिला भाग, ‘गोएशिया’, तयार झाला. हे कळतं एका साध्या चुकीवरून. वायरच्या यादीत ६९ राक्षस आहेत. त्यांतला प्रुफ्लास स्कॉटच्या भाषांतरात गळला, आणि ‘गोएशिया’तही तो नाही. उरलेल्या ६८ मध्ये चार नवे घालून ७२ केले आहेत. जाळपोळ थांबवण्यासाठी छापलेली यादी अशी मंत्रविधीची पोथी होऊन बसली.

मग तो वासनेचा राक्षस कधी झाला?

टप्प्याटप्प्याने. बायबलचा लॅटिन अनुवादक संत जेरोम याने टोबितचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला तेव्हा त्यात मूळ ग्रीक प्रतींत नसलेला एक भाग आला. राफाएल टोबियाला सांगतो की जे देवाला विसरून केवळ वासनेपोटी लग्न करतात त्यांच्यावर राक्षसाची सत्ता चालते, म्हणून तू तीन रात्री प्रार्थनेत घालव. झालं, मेलेले सात नवरे गुन्हेगार ठरले. पश्चिम युरोपने हजार वर्षं हाच पाठ वाचला.

१५८९ मध्ये त्रियरचा सहायक बिशप पेटर बिन्सफेल्ड याने सात महापापांना सात राक्षस वाटून दिले. ल्युसिफरला गर्व, मामोनला लोभ, सैतानाला क्रोध आणि आस्मोडियसला वासना. जो मुळात क्रोधाचा होता त्याचा क्रोध दुसऱ्याच्या वाट्याला गेला. हाच बिन्सफेल्ड त्रियरच्या चेटूक-खटल्यांचा पुरस्कर्ता होता, आणि त्या खटल्यांत शेकडो माणसं मारली गेली. त्यामुळे त्याची वाटणी मला नुसती यादी म्हणून वाचवत नाही.

लुदाँच्या प्रकरणात आस्मोडियसचं नाव कसं आलं?

फ्रान्समधल्या लुदाँ गावी १६३२ मध्ये उर्सुलीन पंथाच्या जोगिणींच्या (ख्रिस्ती संन्यासिनींच्या) मठात झपाटल्याचा प्रकार सुरू झाला. मठाची प्रमुख झान दे आंज हिच्या अंगात सात राक्षस असल्याचं जाहीर झालं, त्यांत आस्मोडियस होता. आरोप आला गावचा पाद्री उर्बँ ग्रांदिए याच्यावर. देखणा, बोलण्यात धारदार, बायकांशी संबंध असल्याची चर्चा, आणि बडी मंडळी दुखावलेली. फ्रान्सचा कारभार चालवणाऱ्या कार्डिनल रिशल्यूचा माणूस लोबार्दमों याने खटला चालवला. भुतं उतरवण्याचे विधी हजारो लोकांसमोर झाले.

न्यायाचा आधार काय होता? भूत उतरवणाऱ्यांचा दावा असा की विधीच्या बंधनात राक्षसाला खरंच बोलावं लागतं. जोगिणींच्या तोंडून ‘राक्षस’ जे बोलले ते साक्ष म्हणून धरलं गेलं. आस्मोडियसच्या नावाने एक लेखी कबुलीही केली गेली: शरीर सोडताना काळजाखाली टाचणीएवढी चीर पाडीन. तो कागद आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं देतो, ही पोथीतली ओळ इथे आठवते. पोथीवाल्यांवर चर्चने बंदी घातली होती, पण लुदाँच्या न्यायाधीशांनी राक्षसाच्या शब्दावर पोथीवाल्यांइतकाच विश्वास ठेवला. ग्रांदिएचे पाय यंत्रात चिरडले. त्याने गुन्हा कबूल केला नाही. १८ ऑगस्ट १६३४ रोजी त्याला जिवंत जाळलं. त्यानंतरही झपाटणं थांबलं नाही, ते आणखी काही वर्षं चाललं.

‘लंगडा सैतान’ तो हाच का?

होय. १७०७ मध्ये फ्रेंच लेखक लसाज याने एका स्पॅनिश कादंबरीच्या आधारे लिहिलेल्या कादंबरीत तो येतो. माद्रिदमधल्या एका विद्यार्थ्याने बाटलीतून सोडवलेला, कुबड्या घेऊन चालणारा, रात्री घरांची छपरं उचलून आत काय चाललंय ते दाखवणारा. ज्या शतकात आधी माणसं जळली, त्याच्या पुढच्या शतकात तो विनोदी सोबती झाला.

इंटरनेटवर दिसणारं त्याचं चित्र किती जुनं आहे?

१८६३ चं. कोलँ द प्लांसीचा राक्षसांचा कोश प्रथम १८१८ मध्ये निघाला, पण चित्रं आली १८६३ च्या आवृत्तीत. ती काढणारा लुई ल ब्रेतों हा मुळात समुद्रचित्रकार, दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर जाऊन आलेला. प्लांसीने आस्मोडियसला नरकातल्या जुगारअड्ड्यांचा अधीक्षक म्हटलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पॅरिसला शोभेल अशी बढती!

त्याची गोल मोहोर प्राचीन आहे का?

नाही. वायरच्या यादीत मोहोरा नाहीतच. त्या सतराव्या शतकातल्या ‘गोएशिया’च्या हस्तलिखितांत येतात. तिथे आस्मोडेचा क्रमांक बत्तिसावा. ही पोथी जगभर पसरली ती मॅथर्स आणि क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाल्यांच्या १९०४ मधल्या छापील आवृत्तीमुळे. मोहोरेला हजारो वर्षांची म्हणून विकणाऱ्याला हे विचारून पाहावं.

कोणी हा विधी करून देतो म्हणाला तर?

पैसे देऊ नका. युरोपातही या पोथ्यांभोवती खजिन्याच्या नावाने लुबाडणारे पुष्कळ होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. पोथी अभ्यासण्यात काही गैर नाही. भीती दाखवून पैसे काढणारा माणूस ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडच्या कोणत्या राक्षसाशी त्याची तुलना करता येईल?

मी करणार नाही. असुर, वेताळ, मुंजा यांची स्वतःची कुळकथा आहे, त्याची त्याला आहे. त्याचं इकडचं खरं नातं एकच, ते वर सांगितलेल्या पारशी परंपरेशी.

रेन-ल-शातोच्या चर्चमधला पुतळा त्याचाच आहे का?

दक्षिण फ्रान्समधल्या या खेड्याच्या चर्चमध्ये दारातच पवित्र पाण्याचं पात्र खांद्यावर पेलणारा, डोळे वटारलेला सैतान आहे. वर चार देवदूत क्रुसाची खूण करत आहेत. पाद्री बेरांजे सोनिएर याने १८९७ च्या सुमारास चर्चची नवी सजावट केली त्यातला हा पुतळा, तुलूझच्या कारखान्यात घडवलेला. विसाव्या शतकात सोनिएरच्या गुप्त खजिन्याच्या कहाण्या पसरल्या, आणि खजिना राखणारा म्हणून लेखकांनी या सैतानाला आस्मोडियस हे नाव दिलं. सोनिएरने ते दिल्याचा पुरावा नाही. पाण्याने हरलेला सैतान दारात दाखवणं, एवढाच त्या रचनेचा साधा ख्रिस्ती अर्थ. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. १९९६ मध्ये पुतळ्याचं डोकं चोरीला गेलं, नवं बसवलं. एप्रिल २०१७ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी एका बाईने कुऱ्हाडीने पुन्हा तो फोडला.